कळव्याच्या अभ्यासिकेतले बारा स्क्रीन : प्रकल्प नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

बाराही मशिनं सुरू होतात, लॉगिन होतं, मराठी टाइप होतं, प्रिंट निघते. राहिलंय ते स्क्रीनचं काम. सात टेबलांवर रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, १०२४ × ७६८ वर अडकलंय. रुंद मॉनिटरवर तेवढंच चित्र ताणून बसतं, त्यामुळे अक्षरं आडवी फुगतात आणि कडा पुसट होतात. भरतीचा अर्ज भरायला आलेली मुलगी आज म्हणाली, "दादा, 'पुढे'चं बटण खाली कुठंतरी गेलंय, खिडकी वर सरकतच नाही." ऑल्ट दाबून ठेवला की खिडकी कुठूनही धरून माउसने ओढता येते, ते तिला दाखवलं. पण शेवटच्या तारखेच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याला अशी युक्ती माहीत असावी लागणं मला पटत नाही. स्क्रीन नीट असणं ही सोय नाही, अभ्यासिकेच्या कामाचा भाग आहे.

पुढे कुणी हे काम हातात घेतलं तर सोपं जावं म्हणून मांडणी लिहून ठेवतो. सर्व्हर एक, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स आणि एलटीएसपी, म्हणजे एका सर्व्हरवरून अनेक मशिनं सुरू करणारी प्रणाली. टेबलांवरच्या डब्यांत, म्हणजे छोट्या संगणकांत, हार्डडिस्क नाही. ते नेटवर्कवरून बूट होतात, सगळ्यांना सिस्टिमची एकच तयार प्रत (इमेज) मिळते आणि प्रत्येकाचं होम फोल्डर सर्व्हरवर असतं. आपण यांना थिन क्लायंट (सगळं काम सर्व्हरवर सोपवणारी मशिनं) म्हणतो, पण आताच्या एलटीएसपीत ब्राउझर आणि लिबरऑफिस डब्याच्या स्वतःच्या प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतात, सर्व्हर फक्त डिस्कचं काम करतो. स्क्रीनपुरतं बोलायचं तर जुन्या पद्धतीतही चित्र काढणारी चिप टेबलावरच होती आणि सेटिंगची फाइल सर्व्हरवर. म्हणून शोध दोन्हीकडे घ्यावा लागतो.

मॉनिटर देणग्यांतून आलेले, त्यामुळे एकसारखे नाहीत. टेबल १ ते ४ आणि १२ वर साडेअठरा इंची, मूळ रिझोल्यूशन १३६६ × ७६८. टेबल ५ ते ८ वर वीस इंची, १६०० × ९००. ९ आणि १० वर सतरा इंची चौकोनी, १२८० × १०२४. ११ वर साडेएकवीस इंची, १९२० × १०८०. आज बरोबर दिसणारे : १, २, ६, ९, ११.

रविवार, ८ जून

सुट्टीचा दिवस, खोली रिकामी. कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी प्रत्येक मॉनिटरला विचारून घेतलं.

मॉनिटर स्वतःची माहिती स्वतः सांगतो. त्याच्या आत १२८ बाइटचा एक छोटा मजकूर असतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ साली हे प्रमाण आणलं. बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, आकार किती सेंटिमीटर, कुठली रिझोल्यूशनं चालतात आणि त्यांतलं मूळ कुठलं, हे सगळं त्यात असतं. व्हीजीए केबलच्या पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी पिन हा मजकूर वाहून आणतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तो वाचतो आणि डब्यावरचा स्क्रीन सांभाळणारा 'एक्स सर्व्हर' हा प्रोग्रॅम त्यावरून योग्य रिझोल्यूशन निवडतो. मजकूर पोहोचलाच नाही, तर कर्नल कुठल्याही मॉनिटरवर चालेल असं १०२४ × ७६८ धरतो. आपल्या सात टेबलांवर तेच चाललं असावं, असा पहिला अंदाज.

तपासायची पद्धत : टर्मिनल उघडून '/सिस/क्लास/डीआरएम' या फोल्डरात जायचं. तिथे 'कार्ड०-व्हीजीए-१' असं फोल्डर असतं. त्यातली 'स्टेटस' फाइल जोडणी आहे का ते सांगते, 'मोड्स' फाइल उपलब्ध रिझोल्यूशनं दाखवते आणि 'ईडीआयडी' फाइलमध्ये तो मजकूर असतो. 'ईडीआयडी-डीकोड' नावाचा प्रोग्रॅम टाकला की तोच मजकूर वाचता येतो.

सात टेबलांचे तीन गट पडले. ३, ५ आणि १२ वर ईडीआयडी फाइल पूर्ण रिकामी. ४ वर मजकूर येतो पण मोडका. १२८ बाइटांची बेरीज २५६ ने भागून बाकी शून्य यायला हवी, ती येत नाही, म्हणून कर्नल तो नाकारतो आणि लॉगमध्ये चेकसम चुकल्याची ओळ टाकतो. ७, ८, १० वर तर व्हीजीएचं फोल्डरच नाही. या तिघांचं दुखणं वेगळंच असणार.

बुधवार, ११ जून

७, ८, १० चा उलगडा झाला. हे तीन डबे एएमडीच्या रेडिऑन ग्राफिक्स चिपचे आहेत, बाकीचे इंटेलचे. या पिढीच्या रेडिऑन चिपला सुरू होताना फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल लागते. ती मिळाली नाही की चिपचा ड्रायव्हर मोड (रिझोल्यूशन) लावण्याचं कामच सोडून देतो, आणि स्क्रीन बूट होतानाच्या साध्या चित्रावर राहतो. कर्नलच्या लॉगमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं : मोडसेटिंगसाठी फर्मवेअर बसवलेलं हवं.

ती फाइल इमेजमध्ये का नव्हती, तर आपली इमेज सर्व्हरच्याच सिस्टिमवरून तयार होते आणि सर्व्हरमध्ये इंटेलची चिप आहे. त्याला रेडिऑनचं फर्मवेअर कधी लागलंच नाही. डेबियन १२ मध्ये असल्या फाइलींसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग आहे. तो चालू केला, 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज बसवलं, 'एलटीएसपी इमेज' आणि 'एलटीएसपी इनिटआरडी' या आज्ञा चालवल्या. इमेज बांधून होईपर्यंत खालून चहा घेऊन आलो.

तिन्ही डबे पुन्हा सुरू केले. ७ आणि ८ थेट १६०० × ९००, १० वर १२८० × १०२४. एकही आकडा कुठे लिहावा लागला नाही.

यापुढे नवा डबा दान म्हणून आला तर आधी त्याची चिप बघायची, आणि तिला लागणारं फर्मवेअर सर्व्हरवर आहे का ते पाहायचं. सर्व्हरला गरज नाही म्हणून वगळायचं नाही.

शनिवार, १४ जून

केबलचा दिवस.

टेबल १ वरची चांगली केबल काढून ३ ला लावली, ३ लगेच बरोबर. म्हणजे मॉनिटर ठणठणीत, केबल वाईट. मल्टिमीटरने दोन टोकांमधल्या पिना तपासल्या. लाल, हिरवा, निळा आणि सिंकच्या (ओळ आणि चित्र संपल्याची खूण देणाऱ्या) पिना वाजतात, बारा आणि पंधरा वाजत नाहीत. स्वस्तातल्या केबलींत या तारा घातलेल्याच नसतात. चित्र दिसतं म्हणून केबल चांगली आहे असं सगळे समजतात, आणि मग महिनोन्महिने सेटिंगमध्ये शोधत बसतात. आपल्या पेटीतल्या सुट्या केबली अशाच तपासल्या आणि ज्यांत या दोन पिना वाजल्या नाहीत त्यांच्यावर लाल टेप गुंडाळली. कुणी लाल टेपची केबल टेबलावर लावू नये.

४ चं टेबल खिडकीजवळ, डबा भिंतीकडे, म्हणून दोन केबली जोडून लांब केलेल्या होत्या. जोडावर हात लावला की मजकूर कधी यायचा, कधी अर्धवट. डबाच मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसवला आणि एक आखूड केबल लावली. चेकसमची ओळ गेली.

नव्या केबली लॅमिंग्टन रोडवरून आणल्या. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, हे कळव्याहून लांब पडतं, पण तिथला दुकानदार काउंटरवर मीटर लावून पिना तपासू देतो. त्यासाठी जाणं योग्य आहे.

५ ला मात्र चांगली केबल लावूनही मजकूर रिकामा. तोच मॉनिटर ६ च्या डब्याला जोडला, तरी रिकामा. या मॉनिटरची आतली स्मृतीच गेलेली आहे. पॅनेल सुंदर आहे, टाकून देण्यासारखं अजिबात नाही. याला आकडे हाताने द्यावे लागतील.

ग्रंथपाल मॅडमनी आज आणखी एक सांगितलं. टेबल २ "एखाद्या दिवशी नीट, एखाद्या दिवशी जाड अक्षरं" असं वागतं. सकाळी मेन स्विच टाकला की डबे आपोआप सुरू होतात, मॉनिटर मात्र कुणी येऊन बसला की बटण दाबून लावला जातो. बहुतेक मॉनिटर बंद असले तरी केबलच्या नवव्या पिनेतून येणाऱ्या पाच व्होल्टवर ईडीआयडी देऊ शकतात. २ चा जुना मॉनिटर तसं करत नाही. तो बंद असताना डबा बूट झाला की डब्याला उत्तर मिळत नाही. यालाही आकडे हाताने.

रविवार, १५ जून

आकडे काढण्याचं काम. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात.

'सीव्हीटी' ही आज्ञा रुंदी आणि उंची दिली की मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनच्या आकड्यांची ओळ, तयार करून देते. १६०० आणि ९०० दिल्यावर मिळालं : ११८.२५, मग १६०० १६९६ १८५६ २११२, मग ९०० ९०३ ९०८ ९३४. पहिला आकडा पिक्सेल क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये. पुढचे चार आडव्या ओळीचे : दिसणारे पिक्सेल, सिंक कुठे सुरू होतो, कुठे संपतो, आणि ओळीची एकूण लांबी. शेवटचे चार तसेच, उभे. ११८.२५ मेगाहर्ट्झला २११२ ने भागलं की सेकंदाला सुमारे ५६ हजार ओळी येतात, म्हणजे आडवा सिंक ५६ किलोहर्ट्झ. त्याला ९३४ ने भागलं की सेकंदाला सुमारे ६० चित्रं. हा भागाकार करून बघितला की आकडे परके वाटत नाहीत, आणि कुठूनतरी उतरवून घेतलेली मोडलाइन बरोबर आहे का तेही कळतं.

टेबल २ साठी १३६६ × ७६८ हवं. इथे खाचखळगा आहे. सीव्हीटीच्या सूत्राला रुंदी आठने भाग जाणारी लागते. १३६६ ला आठने भाग जात नाही, म्हणून ते परस्पर १३६८ करून देतं. ते लावलं तर चित्र येतं, पण दोन पिक्सेलचा फरक मॉनिटर ताणून-आवळून भरून काढतो आणि स्क्रीनवर ठरावीक अंतराने उभे पट्टे पुसट दिसतात. अशा वेळी सूत्र सोडून व्हेसाच्या यादीतली मोडलाइन घ्यायची : ८५.५०, १३६६ १४३६ १५७९ १७९२, ७६८ ७७१ ७७४ ७९८, दोन्ही सिंक धन. टेबल १ चा मॉनिटर स्वतःच्या ईडीआयडीत हेच आकडे देतो, त्यामुळे खात्री झाली.

आधी तात्पुरतं लावून पाहिलं. 'एक्सरँडआर' या आज्ञेने नवा मोड तयार करायचा, तो व्हीजीए-१ ला जोडायचा, मग निवडायचा. दोन्ही टेबलांवर चित्र आलं. ५ वर ते डावीकडे किंचित सरकलेलं होतं. मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबलं की व्हीजीएत ते जागेवर बसतं. ऑटो दाबताना स्क्रीनवर कडेपर्यंत भरलेलं चित्र हवं. मागे काळा वॉलपेपर असेल तर मॉनिटरला कडा कुठे आहे ते सापडत नाही.

गुरुवार, १९ जून

एक्सरँडआरने लावलेलं लॉगआउट किंवा रीबूटबरोबर जातं, म्हणून ते कायमचं करायचं.

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तो : लॉगिनच्या वेळी एक्सरँडआर चालवणारी स्क्रिप्ट. आपल्याकडे ती टिकणार नाही, कारण आउटपुटचं नाव सगळीकडे सारखं नाही. इंटेलच्या डब्यांवर आता व्हीजीए-१, जुन्या इंटेल ड्रायव्हरवर मधली रेघ नसलेलं व्हीजीए१, रेडिऑनच्या ड्रायव्हरवर व्हीजीए-०. एक डबा बदलला की स्क्रिप्ट गप्प पडते आणि कुणाला कळतही नाही.

एलटीएसपीची स्वतःची सोय जास्त भरवशाची. सर्व्हरवर 'एलटीएसपी.कॉन्फ' फाइलमध्ये प्रत्येक डब्याच्या मॅक पत्त्याचा (नेटवर्कवरच्या त्याच्या ओळख क्रमांकाचा) वेगळा विभाग लिहिता येतो. त्यात एक्स_मोडलाइन, एक्स_प्रेफर्डमोड, एक्स_होरिझसिंक, एक्स_व्हर्टरिफ्रेश असे शब्द चालतात. डबा बूट होताना त्यांवरून स्वतःची एक्सऑर्ग फाइल (एक्स सर्व्हरच्या सेटिंगची) बनवतो. ५ ला सिंकची मर्यादाही लिहावी लागली. ईडीआयडी नसताना एक्स सर्व्हर फार सावध मर्यादा धरतो आणि ५६ किलोहर्ट्झचा मोड नाकारतो. मॉनिटरच्या मागच्या लेबलावरची मर्यादा बघूनच तो आकडा टाकला, अंदाजाने टाकला नाही.

आकडे प्रत्येक मॅक पत्त्याखाली लिहिण्याऐवजी मॉनिटरच्या प्रकाराचे विभाग केले, 'रुंद१८' आणि 'रुंद२०'. टेबलाच्या विभागात फक्त 'इन्क्लूड' लिहून प्रकाराचं नाव दिलं. होस्टनेमही तिथेच दिलं, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये कुठलं टेबल ते लगेच कळतं. फाइल बदलल्यावर 'एलटीएसपी इनिटआरडी' चालवायलाच हवं. नाही तर डबे जुनीच फाइल घेऊन उठतात.

इंटरनेटवर शोधताना एक लक्षात ठेवायचं. एलटीएसपी १९९९ साली जिम मॅक्विलन यांनी सुरू केलं आणि २०१९ मध्ये आल्किस जॉर्जोपुलोस यांनी ते नव्याने लिहिलं. 'एलटीएस.कॉन्फ' आणि 'एक्स_मोड_०' सांगणारी पानं जुन्या एलटीएसपीची आहेत. ते शब्द आपल्या सर्व्हरला कळत नाहीत, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

शनिवार, २१ जून

१२ सोडून सगळ्या टेबलांवर चित्र स्वच्छ झालं आणि पहिली तक्रार आली. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा टेबल ५ वर बसतात. म्हणाले, "अहो, पूर्वी मोठं दिसायचं. तेच बरं होतं." मॅडमनीही विचारलं, ५ तेवढं जुन्या रिझोल्यूशनवर ठेवता येईल का.

त्यांची अडचण खरी आहे, पण तो उपाय योग्य नाही. एलसीडी पॅनेलचे ठिपके ठरलेले असतात. १०२४ चं चित्र १६०० ठिपक्यांवर पसरवलं की अक्षराची एक रेघ दीड ठिपक्यावर येते आणि करडी होते. इंग्रजी अक्षर तरी ओळखू येतं. देवनागरीत मजकुराचा अर्थ शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी असलेल्या बारीक खुणांवर टिकून असतो. अनुस्वार, रफार, चंद्रकोर, उकार, पायमोडका हलन्त या सगळ्या दोन-तीन ठिपक्यांच्या गोष्टी. त्या करड्या झाल्या की 'द्ध' आणि 'द्घ' यांत डोळ्याला फरक करता येत नाही. मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं इथेच सराव करतात. त्यांना उतारा बघून टाइप करायचा असतो, आणि उताराच पुसट असेल तर वेगाचा सराव कसला करायचा.

म्हणून रिझोल्यूशन मूळ ठेवलं आणि आजोबांच्या लॉगिनमध्ये अक्षरांचा डीपीआय (इंचामागे ठिपके) ९६ वरून १२० केला. ब्राउझरमध्ये फॉन्टचा किमान आकारही वाढवला. त्यांनी अग्रलेख उघडून पाहिला, चष्मा वर-खाली केला, म्हणाले, "हे चालेल. जोडाक्षरं सुटी दिसतात आता."

ही सेटिंग त्यांच्या होम फोल्डरात राहते, म्हणून ते कुठल्याही टेबलावर बसले तरी अक्षरं मोठीच येतील. अक्षराचा आकार माणसाबरोबर फिरायला हवा. रिझोल्यूशन टेबलाशी बांधलेलं हवं.

मंगळवार, २४ जून

वरचं शेवटचं वाक्य लिहिलं त्याचा पुरावा लगेच मिळाला. टेबल ११ अचानक १०२४ वर गेलं, मग अर्ध्या तासाने आपोआप बरोबर झालं. मॅडमनी कोण बसलं होतं ते सांगितलं. त्या मुलाने मे महिन्यात टेबल ३ वर एक्सएफसीईच्या (आपल्या डेस्कटॉपच्या) डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०२४ निवडून ठेवलं होतं. तेव्हा तिथे त्याहून मोठं काही मिळतच नव्हतं. ते त्याच्या होम फोल्डरातल्या 'डिस्प्लेज' फाइलमध्ये व्हीजीए-१ या नावाने राहिलं. होम सर्व्हरवर असल्याने ते त्याच्यामागे ११ वर आलं. तिथल्या आउटपुटचं नावही व्हीजीए-१, आणि १०२४ × ७६८ जवळपास प्रत्येक मॉनिटरच्या यादीत असतंच.

सगळ्यांच्या होममधल्या त्या फाइली काढल्या. शिवाय सर्व्हरच्या '/ईटीसी/एक्सडीजी' फोल्डरात एक्सएफसीईच्या डिस्प्ले चॅनेलला कुलूप लावलं, रूटशिवाय (सर्व्हरच्या मुख्य खात्याशिवाय) कुणालाही ते बदलता येऊ नये असं. इमेज पुन्हा बांधली. त्या मुलाला सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने काही चुकीचं केलेलं नव्हतं, समोर दिसलं ते निवडलं होतं.

शनिवार, २८ जून

टेबल १२. हे शिकवणाऱ्यांचं. त्याच्या मागे स्प्लिटर आहे, एक तार मॉनिटरला, एक प्रोजेक्टरला. आपला स्प्लिटर ईडीआयडी पुढे पाठवत नाही, म्हणून ती फाइल रिकामी येते.

मॉनिटर १३६६ चा आहे म्हणून १३६६ ची मोडलाइन टाकणं सोपं होतं. पण स्प्लिटर दोन्हीकडे एकच सिग्नल देतो, आणि आपल्या प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन १०२४ × ७६८ आहे. १३६६ दिलं की प्रोजेक्टर ते आवळून दाखवतो आणि मागच्या बाकावरच्यांना मात्रा दिसत नाहीत. टायपिंग शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी एकटी आहे समोरच्या स्क्रीनला. भिंतीवर वाचणारी मुलं वीस." निर्णय तिथेच झाला. १२ ला १०२४ × ७६८ ठरवून लिहिलं. मॉनिटरच्या मेनूत चित्र ताणण्याऐवजी ४:३ ठेवलं, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते पण अक्षरं फुगत नाहीत. फाइलमध्ये त्या ओळीच्या वर कारणही लिहिलंय, म्हणजे पुढे कुणी "हे एकच का राहिलं" म्हणून बदलणार नाही.

शनिवार, ५ जुलै

आठवडाभर तक्रार नाही. टेबल २ मुद्दाम मॉनिटर बंद ठेवून बूट केलं, मग मॉनिटर लावला. १३६६ × ७६८ बरोबर.

सर्व्हरशेजारच्या वहीत तक्ता लिहिला : टेबल, मॅक पत्ता, चिप, मॉनिटर, आकडे मॉनिटरकडून येतात की फाइलमधून. २, ५ आणि १२ पुढे 'फाइलमधून' असं ठळक लिहिलंय. या तीन टेबलांचा मॉनिटर किंवा डबा बदलला तर फाइलही बदलावी लागेल. बाकीच्या नऊ ठिकाणी मॉनिटर बदला, चांगली केबल लावा, डबा पुन्हा सुरू करा, बस्स.

उद्या आषाढी, अभ्यासिका बंद. सोमवारी टेबल ८ ची केबल बदलायची आहे, तिच्या टोकाचा एक स्क्रू गेलाय आणि टेबल हललं की चित्र हिरवं होतं. नवी केबल पेटीत ठेवलीय, बारा आणि पंधरा तपासून.